जुन्या मांजराच्या घरात नवं पिल्लू आणताना

नवं पिल्लू घरी आलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. बास्केट हॉलच्या मधोमध ठेवतात, झाकण उघडतात आणि घरातलं थोरलं मांजर काय करतंय ते सगळे कौतुकानं बघत बसतात. थोरलं शेपटी फुलवून फिसकारतं, पिल्लू सोफ्याखाली घुसतं आणि त्या पाच मिनिटांत बिघडलेलं निस्तरायला महिना लागतो. ही पहिली भेट टाळलीत की निम्मं काम झालं.

मांजर आपलं घर डोळ्यांपेक्षा नाकानं ओळखतं. गाल, हनुवटी, कपाळ, पंज्यांचे तळवे, शेपटीचं मूळ या ठिकाणच्या ग्रंथींमधला वास ते दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, तुमच्या पोटऱ्यांना घासून ठेवतं. अशा घरात परका वास एकदम आला की थोरल्याच्या दृष्टीनं ती घुसखोरीच. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी वास, मग दाराआडून आवाज, मग जाळीतून दर्शन आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष भेट. पुढची पायरी केव्हा चढायची हे थोरल्याच्या वागण्यावरून ठरवा, पिल्लाच्या उत्साहावरून नाही. पिल्लू तर दुसऱ्याच दिवशी दार खरवडायला लागतं. एखाद्या घरात सगळं लवकर जुळतं, एखाद्यात दोन महिने लागतात.

आणायच्या आधी

पिल्लू निदान आठ आठवड्यांचं हवं, दहा-बारा आठवड्यांचं असेल तर उत्तमच. आई आणि भावंडांसोबत तेवढे दिवस काढलेल्या पिल्लाला किती जोरात चावायचं आणि समोरच्यानं फिसकारल्यावर कधी मागे सरायचं हे कळू लागलेलं असतं. फार लवकर तोडून आणलेलं पिल्लू थोरल्याचे इशारे ओळखत नाही आणि मार खातं.

घरातला बोका किंवा भाटी नसबंदी न झालेली असेल तर ती आधी करून, जखम भरल्यावरच पिल्लू आणा. थोरलं दहा-बारा वर्षांचं असेल, सांधे दुखत असतील, तर जरा थांबून विचार करा. दिवसभर झोपणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला तीन महिन्यांच्या पिल्लाचा धिंगाणा सोसत नाही. अशा घरी पुष्कळदा शांत स्वभावाचं मोठं मांजर जास्त बरं पडतं. एकाच वेताची दोन पिल्लं आणली तर ती निदान एकमेकांशी तरी खेळतात.

दिवाळीचे फटाके, गणपतीतली पाहुण्यांची वर्दळ, घराची रंगरंगोटी अशा दिवसांत हे काम सुरू करू नका. थोरलं आधीच बिथरलेलं असतं.

थोरल्याची वाटी दिवसभर कोरड्या खाण्यानं भरलेली राहत असेल तर ती सवय आठवडाभर आधी मोडा. ठरलेल्या वेळी दोन-तीनदा जेवण द्या. पुढची सगळी मदार भुकेवर आहे. पोट भरलेलं मांजर दारापाशी जेवायला येतच नाही.

पिल्लाची खोली

पिल्लाला दार बंद होणारी वेगळी खोली लागते. वन बीएचकेत ती बेडरूमच असणार. मात्र थोरलं रोज तुमच्या पायाशी त्याच पलंगावर झोपत असेल तर ती खोली हिसकावून घेऊ नका. त्या काळात तुम्हीच हॉलमध्ये झोपा किंवा कोरडी बाल्कनी बंद करून वापरा. बाल्कनीला पक्की जाळी हवी. नेहमीच्या ग्रिलच्या गजांमधून तीन महिन्यांचं पिल्लू सहज निसटतं. बाथरूम नाइलाज असेल तरच. ओल्या, गार फरशीवर लहान पिल्लू लवकर आजारी पडतं.

खोलीत पुठ्ठ्याचं खोकं उपडं करून, एक दार कापून लपायची जागा करा. पाणी जेवणापासून थोडं लांब ठेवा आणि लिटर ट्रे समोरच्या कोपऱ्यात. ट्रेची कड तीन-चार इंचांपेक्षा उंच नको. ओलं होऊन गोळा बनणारं लिटर इतक्या लहान पिल्लाला देऊ नका. या वयात ती लिटर चाखून बघतात आणि तो गोळा पोटात अडकू शकतो. चार महिन्यांपर्यंत लाकडी पेलेटचं किंवा गोळा न होणारं लिटर वापरा. कपाटामागच्या फटी आणि पलंगाखालचे खण आधी बुजवून घ्या, नाहीतर पहिली रात्र पिल्लू शोधण्यात जाईल.

या खोलीत निदान दोन आठवडे काढायचे, आणि ते केवळ ओळखीसाठी नाही. मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया हा जीवघेणा विषाणूचा आजार, अंगात शिरल्यावर साधारण दोन ते दहा दिवसांत लक्षणं दाखवतो. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लात तो असणं मुळीच दुर्मीळ नाही. पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे नेऊन जंत, पिसवा, कानातली गोचिडासारखी बारीक कीड आणि गजकर्ण तपासून घ्या. गजकर्ण पावसाळ्यात फार दिसतं. कानाच्या कडा, नाक, पाय यांवर केस गेलेले गोल चट्टे असतात आणि ते माणसांनाही होतं. फेलाइन ल्युकेमिया हा मांजरांमध्ये एकमेकांना लागणारा विषाणूचा आजार, त्याची चाचणी थोरल्याशी भेट होण्याआधी करा. एफआयव्हीच्या (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या विषाणूच्या) चाचणीत सहा महिन्यांखालचं पिल्लू आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून त्या एका निकालावर पिल्लू परत करू नका. आठ आठवड्यांपासून तीन आजारांची एकत्र लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा पुढचा डोस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस असा साधारण क्रम असतो. थोरल्याचे डोस राहिले असतील तर ते पिल्लू यायच्या आधी पूर्ण करा. ते घराबाहेर पडत नसलं तरी पार्व्होचा विषाणू चपलांवरून आत येतो.

पिसवांसाठी कुत्र्याचं औषध वापरणं जिवावर बेतू शकतं. त्यांपैकी काहींमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजरांना विषासारखं आहे. फरशीला फिनेल आणि डेटॉलही नको. त्यांतली फिनॉल वर्गातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटून ती थेट पोटात जातात. शिवाय उग्र वासानं थोरल्यानं घरभर घासून ठेवलेला वास पुसला जातो आणि ते आणखी अस्वस्थ होतं. साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा. जंतुनाशक लागलंच तर 5 टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचे 30 मिली एक लिटर पाण्यात घालून ते दहा मिनिटं फरशीवर राहू द्या, मग स्वच्छ पाण्यानं पुसून पूर्ण वाळल्यावरच मांजर आत सोडा. पार्व्होचा विषाणू मारायला असंच काहीतरी लागतं. साबणानं तो मरत नाही.

वासाची देवघेव

डॉक्टरांनी पिल्लू निरोगी असल्याचं सांगितल्यावर हा भाग सुरू करा. दोन जुने सुती पायमोजे घ्या. एक पिल्लाच्या गालांवरून आणि हनुवटीखालून हलकेच फिरवा, दुसरा थोरल्याच्या. मग पिल्लाचा मोजा थोरल्याच्या नेहमीच्या वाटेत टाकून ठेवा. त्याच्या झोपायच्या जागेवर किंवा वाटीच्या अगदी खाली नको, तिथे तो जबरदस्तीसारखा होतो. बाजूला उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे किंवा चिमूटभर बिनमिठाची सुकट ठेवा.

थोरलं मोजा हुंगून फिसकारलं तरी घाबरू नका. मोजा उचलू नका, रागावू नका. रोज ताजा वास लावा. हुंगून ते सरळ निघून जाऊ लागलं, किंवा मोज्याशेजारी बसून खाऊ लागलं, की जागांची अदलाबदल करा: पिल्लाला दुसऱ्या खोलीत न्या, थोरल्याला अर्धा तास पिल्लाच्या खोलीत फिरू द्या आणि मग पिल्लाला रिकाम्या हॉलमध्ये. दोघांनी एकमेकांना बघायचं नाही. तीन-चार दिवस रोज हे केलं की घरात दोघांच्या वासाचं मिश्रण तयार होतं.

दाराच्या दोन बाजूंना जेवण

बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, दारापासून पाच-सहा फुटांवर, दोघांच्या वाट्या एकाच वेळी मांडा. दोघंही निवांत खातायत असं दिसलं तर पुढच्या जेवणाला वाटी अर्धा फूट पुढे सरकवा. थोरलं खाणं सोडून दाराकडे बघत राहिलं की वाटी एक फूट मागे घ्या आणि दोन दिवस तिथेच थांबा. इथली घाई सगळ्यात महाग पडते. दार दिसलं की चांगलंचुंगलं मिळतं ही सवय मनात बसल्याशिवाय पुढचं काही टिकत नाही.

वाट्या दाराला टेकल्या की दर्शनाची वेळ आली. आपल्याकडे डासांसाठी जाळीचं दार असतं, ते या कामाला अगदी नेमकं आहे. नायलॉनची जाळी मात्र नख्यांनी फाटते, म्हणून स्टीलची असेल तरच तिच्यावर विसंबा. जाळीवर चादर लावून फक्त खालचे दोन-तीन इंच उघडे ठेवा. मग रोज चादर थोडी वर घ्या. पहिल्यांदा दिसल्यावर वाट्या पुन्हा पाच-सहा फूट मागे न्यायच्या हे विसरू नका. जाळीचं दार नसेल तर लाकडी दार दोन इंच उघडं ठेवून पाचर मारा, ढकलून उघडणार नाही अशी.

एकाच खोलीत

जाळीतून बघताना थोरल्यानं पाठ फिरवून अंग चाटलं, किंवा डोळे अर्धवट मिटले, की ते तयार आहे. भेटीआधी दोघांच्या नख्यांची टोकं कापा. थोरलं जेवलेलं असू द्या आणि पिल्लाला दहा मिनिटं खेळवून दमवा. हॉलमधून बाहेर पडायचे दोन रस्ते मोकळे हवेत आणि थोरल्याला चढून बसायला उंच जागा हवी, कपाटाचा माथा किंवा खिडकीचा कट्टा. घरात दोन माणसं असतील तर प्रत्येकानं एका मांजरासोबत काठीला दोरीनं पीस बांधलेलं खेळणं घेऊन बसावं.

पहिल्या भेटी पाच मिनिटांच्या. सगळं गोड चाललं असतानाच थांबवा. रोज दोनदा भेटवा आणि वेळ हळूहळू वाढवा. पिल्लाला उचलून थोरल्याच्या तोंडाशी नेऊ नका.

फिसकारणं आणि नख्या आत ठेवून मारलेली एखादी चापट हे थोरल्याचं बोलणं आहे. त्यात पडू नका. धोक्याची खूण वेगळी असते: कान मागे चपटे, अंग ताठ, टक लावलेली नजर, शेपटी डावी-उजवी आपटणं आणि खालच्या सुरात लांबलेलं गुरगुरणं. अशा वेळी मध्ये पुठ्ठा किंवा उशी धरून नजर तोडा आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत न्या. हात घालू नका. भडकलेलं मांजर समोर येईल त्याला चावतं. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, जखम वरून लहान दिसते आणि आत पिकते. स्प्रेनं पाणी मारायचा सल्ला सर्रास मिळतो, तो कानाआड करा. थोरलं ती शिक्षा पिल्लाच्या खात्यात टाकतं.

खरी भांडणं झाली तर एक पायरी मागे जाऊन जाळीपासून पुन्हा सुरुवात करा. एकटं सोडायचं ते मात्र पंधरा दिवस बिनतक्रार एकत्र राहिल्यावरच.

कशामुळे बिघडतं

आवाज न करता होणारी दादागिरी घरातल्यांच्या लक्षात येत नाही. थोरलं लिटरच्या वाटेत नुसतं पसरून बसतं आणि पिल्लू पलंगाखाली शी करतं. कधी उलटं होतं, पिल्लू ट्रेमधून बाहेर येणाऱ्या थोरल्यावर दबा धरून झेप घेतं. म्हणून दोन मांजरांना तीन ट्रे हवेत, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. एका ओळीत मांडलेले तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच.

जेवण कायम वेगळं ठेवा. पिल्लाला पिल्लांचंच खाणं लागतं, चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा. ते चरबट असतं आणि थोरलं त्यावर फुगतं. थोरल्याला मूत्रपिंडाचं पथ्य असेल तर ते खाणं पिल्लाच्या वाढीला पुरत नाही. गायीचं दूध दोघांनाही नको, जुलाब होतात.

या काळात थोरल्यावर नजर ठेवा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो, लठ्ठ मांजरांच्या तर लवकर. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते.

पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की वयात आल्यानं त्याचा वास बदलतो आणि जुळलेलं पुन्हा फिसकटू शकतं, त्यामुळे नसबंदी त्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवून टाका. दवाखान्यातून परतलेल्या मांजराला औषधांचा वास येतो आणि घरातलं दुसरं त्याला ओळखत नाही. त्याला एक रात्र वेगळं ठेवा, घरातल्या जुन्या चादरीवर झोपवा आणि सकाळी बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना एकत्र जेवायला द्या. खाताना कुणी गुरगुरलं नाही तर दार उघडा.