प्रार्थना सुचत नाही तेव्हा

आईचं आजारपण मी घरीच काढते आहे. रात्री तिची कूस बदलून, औषध देऊन पाठ टेकली की प्रार्थनेला शब्द सापडत नाहीत. तुमचंही असं होत असेल, तर बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवातच ‘किती वेळ?’ या प्रश्नाने होते. मोठ्याने वाचा, कुजबुजत का होईना. दुसऱ्या वचनानंतर थांबा आणि आपलं दुखणं नाव घेऊन सांगा. ‘प्रभू, शांती दे’ एवढ्यावर सोडू नका. ‘उद्या डॉक्टर काय सांगतील याची धास्ती वाटते’, ‘भावाने फोनही केला नाही, त्याचा राग आलाय’, असं स्पष्ट बोला. राग आला म्हणून विश्वास उणा ठरत नाही. हे स्तोत्र ज्याचं मानलं जातं त्या दावीद राजाने तक्रार देवापाशीच नेली. शेवटच्या दोन वचनांतली स्तुती ओठांवर येत नसेल तर नुसती वाचा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

अगदी गळून गेलात तर आधी जेवा, झोपा. बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, उपदेश नाही. तो खाऊन पुन्हा झोपतो, तरी कुणी रागावत नाही. मला हा अध्याय फार प्रिय आहे.

चर्चच्या मंडळीतल्या एकाला तरी खरं सांगा. ‘प्रार्थना करा’ एवढंच म्हणू नका. ‘रविवारी उपासनेला जायचंय, तेवढा वेळ आईजवळ बसाल का?’ असं नेमकं मागा.