खचलेल्या विद्यार्थ्याला धीर देताना या चुका टाळा

मेंटॉरचं काम नव्यानं अंगावर घेतलेल्या मंडळींना फार घाई असते. विषय राहिलेला, वर्गात कुणाशी न बोलणारा, 'मी इथे यायलाच नको होतं' म्हणणारा विद्यार्थी दहा मिनिटांत हसत बाहेर पडला पाहिजे. तो हसतोही, तुमचं मन राखायला. पुन्हा मात्र फिरकत नाही. त्याच त्या चुका पाहून कंटाळले, म्हणून हे लिहितेय.

'स्वतःवर प्रेम कर' असं फर्मान सोडणं

ही माझी सर्वांत नावडती चूक. आधीच स्वतःवर चिडलेल्या मुलाला हे ऐकवलं की 'मला तेही जमत नाही' असं म्हणायला त्याला आणखी एक निमित्त मिळतं. आरशासमोर उभं राहून 'मी हुशार आहे' म्हणायला लावणं तर त्याहून वाईट. जोअ‍ॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वतःबद्दलचं मत मुळातच वाईट असलेल्यांना स्वतःचं कौतुक करणारं वाक्य मनात घोळवायला लावलं, तेव्हा त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं.

याऐवजी हवी ती स्वतःबद्दलची करुणा (सेल्फ-कम्पॅशन). मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये ही कल्पना तीन भागांत मांडली: स्वतःशी मायेनं वागणं, ठेचकाळणारे आपण एकटे नाही हे ओळखणं, आणि दुःख ना दडपणं ना फुगवणं. यात 'मी भारी आहे' कुठेच नाही.

मी उपदेश न करता वही मागते. एका मुलीच्या सरावाच्या वहीत चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे समासात लाल पेनानं 'ढ' लिहिलेलं होतं. शेवटच्या पानांवर तर इतकं दाबून, की मागच्या बाजूला उमटलेलं. विचारलं, "मैत्रिणीचं गणित चुकलं असतं तर काय लिहिलं असतंस?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "चिन्ह बदलायचं राहिलं, असं." म्हटलं, मग तेच लिही, त्या 'ढ'च्या शेजारी. आठवड्यानं वही घेऊन आली, तेव्हा निम्म्याहून जास्त चुका चिन्हांच्याच निघाल्या. 'ढ' लिहून पान उलटलं जायचं, त्यामुळे तिला त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

'असे लाड केले तर मुलं सुस्तावतील' असं म्हणणारे सहकारी प्रत्येक स्टाफरूममध्ये असतात. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या अभ्यासात उलटंच दिसलं. अवघड चाचणीत आपटलेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे समजुतीनं पाहायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला. ज्यांची नुसती पाठ थोपटली होती, त्यांनी तेवढा केला नाही. अभ्यासाची टाळाटाळ केल्याबद्दल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली, हेही २०१० च्या एका अभ्यासात नोंदलेलं आहे.

गाजलेल्या माजी विद्यार्थ्याचं भाषण ठेवणं

आमच्याकडे एकदा हा सोहळा झाला. पाहुणे म्हणाले, "मीसुद्धा पहिल्या सत्रात नापास झालो होतो," आणि पुढच्याच वाक्यात मोठ्या पदावर पोहोचले. मधलं सगळं गायब. मागच्या रांगेतला एक पहिल्या वर्षाचा मुलगा उठला. "सर, निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत? कुणाशी बोललात?" पाहुणे हसले. "मागे वळून पाहायचं नसतं, मित्रा." टाळ्या कडाडल्या. तो खाली बसला.

काही दिवसांनी तोच मुलगा प्रवेश रद्द करायचा अर्ज भरून माझ्यासमोर. "त्यांना जमलं, मॅडम. म्हणजे खोट माझ्यातच आहे." त्या दिवशी मी भाषण दिलं नाही. दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीला बोलावून घेतलं. तिचे दोन विषय राहिले होते, एक सुटला होता आणि दुसऱ्याशी झटापट चालूच होती. निकालानंतर आठवडाभर खोलीबाहेर कशी पडली नाही, मग एकीच्या नोट्स परत करायच्या म्हणून कशी वर्गात गेली, हे तिनं सांगितलं. अर्ज त्यानं माझ्या टेबलावरच ठेवला आणि तिच्या गटात अभ्यासाला बसू लागला. माझं मत पक्कं आहे: धीर द्यायला दोन पावलं पुढे असलेला माणूस लागतो, शिखरावरचा नाही.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही मोठी माणसं नव्हती. सुरुवातीला परकं वाटतं आणि हळूहळू ते कमी होतं, असे वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांचे अनुभव नव्या मुलांना वाचायला दिले आणि पुढच्या तुकडीसाठी स्वतःचा अनुभव लिहायला सांगितलं. काम तासाभराचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण त्यानंतरच्या तीन वर्षांत सुधारले. मला यातली लिहायला लावण्याची युक्ती फार आवडते, कारण मूल मदत घेणारं न राहता देणारं होतं.

'तासाभराचं' एवढंच ऐकून पळत सुटू नका. २०२३ मध्ये २२ शिक्षणसंस्थांमधल्या अभ्यासात दिसलं की जिथे त्या विद्यार्थ्यांना सामावून घेणारं वातावरण खरोखर होतं, तिथेच असा उपाय लागू पडला. प्रॅक्टिकलला त्याला कुणी गटात घेत नसेल तर आधी गट तुम्ही पाडा.

बाकीच्या, थोडक्यात

ऐकून घ्यायच्या आधीच 'होतं रे सगळ्यांचं' म्हणणं. वाक्य खरं आहे, पण ते त्याचं बोलणं संपल्यावर.

ग्रुपवर सुविचार पाठवणं. बंद करा.

हजेरी कमी म्हणून नुसतं धमकीवजा पत्र पाठवणं. नियम लिहायचाच असेल तर त्याखाली कुणाला, कधी, कुठे भेटायचं तेही लिहा.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन देणं. जीव नकोसा झाल्याचं मूल बोललं, तर थेट विचारा, एकटं सोडू नका आणि समुपदेशकाकडे स्वतः सोबत जा. नुसता नंबर देऊन पाठवू नका.

आणि 'काही लागलं तर सांग' म्हणून मोकळं होणं. खचलेलं मूल सांगत नाही. मी निघतानाच पुढची वेळ ठरवते आणि त्याच्या बोलण्यातली एक बारीक गोष्ट डायरीत टिपते: राहिलेलं जर्नल, रूममेटशी अबोला. पुढच्या भेटीत मार्कांच्या आधी ती विचारते.