मुलांमध्ये ग्रोथ माइंडसेट आणायचाय? मग शिक्षकांनो, या चुका टाळा

ग्रोथ माइंडसेट हे प्रकरण आता आपल्या सगळ्यांच्या कानावरनं गेलंय. शिक्षण परिषदेत कुणीतरी पीपीटी लावतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगीत पोस्टर फिरतं, त्याची प्रिंट काढून वर्गात चिकटवली की झालं काम असं वाटतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी मांडलेली ही कल्पना तशी सरळ आहे. बुद्धी जन्माला येताना मोजून मिळालेली नसते, चांगली पद्धत, सराव आणि वेळेवर मदत मिळाली की ती वाढते, आणि ज्या मुलाला हे मनापासून पटतं ते अवघड गोष्टीला पाठ दाखवत नाही.

पण पोराला हे पटतं कशानं? माझ्या मते भाषणानं अजिबात नाही, पोस्टरनंही नाही. त्याचं उत्तर चुकल्यावर पुढच्या दोन मिनिटांत सर किंवा बाई काय करतात, तेवढंच ते बघत असतं, आणि आपल्या बहुतेक चुका त्या दोन मिनिटांतच होतात.

‘हुशार आहे हं आमचा!’

हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की कळतपण नाही. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांचे पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना आधी जमतील अशी कोडी दिली, मग काहींना सांगितलं की तू हुशार आहेस आणि काहींना सांगितलं की तू चांगली मेहनत घेतलीस. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळ्यांचीच दांडी उडाली, आणि शेवटी परत पहिल्यासारखी सोपी दिली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं पहिल्यापेक्षा वर गेली, आणि ‘हुशार’ ऐकलेली त्याच सोप्या कोड्यांत पहिल्यापेक्षा खाली घसरली. ‘तुमचे मार्क दुसऱ्या मुलांना लिहून कळवा’ असं सांगितल्यावर तर ‘हुशार’ गटातल्या दहातल्या जवळपास चौघांनी मार्क वाढवून लिहिले. पाचवीची पोरं, बक्षीस नाही काही नाही, नुसतं हुशार हे बिरुद जाऊ नये म्हणून.

आता आपल्या स्कॉलरशिपच्या बॅचकडं बघा. कोल्हापूर जिल्ह्यात स्कॉलरशिपचं केवढं वेड आहे हे काय सांगायला नको, पहाटेचे जादा तास, रविवारी सराव पेपर, गुणवत्ता यादीत आलेल्या पोरांचे गावाच्या कमानीजवळ फ्लेक्स. पोरं आणि गुरुजी दोघंही राबतात, त्याबद्दल मला आदरच आहे. पण याच बॅचमध्ये एखादं पोरगं असं असतं की न जमणारा प्रश्न आला की हळूच पान पलटतं, फळ्याजवळ यायचं टाळतं, शंका विचारत नाही, कारण शंका विचारली तर हुशार कसला? ग्रोथ माइंडसेट फक्त मागच्या बाकासाठी असतो असं आपण धरून चालतो, पण सगळ्यात जास्त घाबरलेलं पोर बऱ्याचदा पहिल्या बाकावर बसलेलं असतं.

मग कौतुक करायचंच नाही का, तर जरूर करायचं, पण पोरानं नेमकं काय केलं ते सांगायचं. “पहिली रीत अडली म्हटल्यावर तू आकृती काढून बघितलीस, ते बरोबर केलंस.” एवढं एक वाक्य पुरतं, कारण त्यातनं पोराला उद्या परत काय करायचं ते कळतं. आणि ज्याला सगळं दोन मिनिटांत येतं त्याला “वा, किती फास्ट” म्हणायच्या ऐवजी “हे तुझ्यासाठी सोपं होतं, थांब, तुला जरा झुंजायला लागेल असं देतो” म्हणा आणि खरंच द्या.

‘अजून मेहनत कर’ एवढंच सांगून सोडून देणं

ही चूक पहिलीपेक्षा मोठी आहे, कारण ही करताना आपल्याला वाटतं की आपण ग्रोथ माइंडसेटच शिकवतोय. खुद्द ड्वेक यांनी २०१५ मध्ये लिहून सांगितलं की नुसत्या प्रयत्नांचं कौतुक म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे, प्रयत्नांतनं शिकणं व्हायला पाहिजे, आणि अडल्यावर नवीन पद्धत शोधणं, मदत मागणं हेही त्यातच येतं. 

कोल्हापूरकरांना तर हे वेगळं शिकवायलाच नको. तालमीत वस्ताद नुसतं “जोर लाव, जोर लाव” ओरडत नाही. तो झुंज थांबवतो, पाय कुठं चुकला ते दाखवतो, पकड हातानं नीट करून देतो आणि तोच डाव परत परत करून घेतो. राजाराम कॉलेजला शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला फ्लायवेटमध्ये सहावे आले. मातीत घडलेला पैलवान, मॅटवरची कुस्ती आणि तिचे नियम नवीन. पुढची चार वर्षं त्यांनी घाम तर गाळलाच, पण मॅटवरची कुस्तीही शिकून घेतली आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नुसत्या जोर-बैठका वाढवून हे झालं नसतं. वर्गात ही गोष्ट सांगणार असाल तर “बघा किती कष्ट केले” एवढ्यावर थांबू नका, लंडनमध्ये काय नवीन दिसलं आणि मग काय बदललं हे पोरांनाच विचारा.

आता वर्गात हे कसं दिसतं बघू. पाचवीतल्या मुलीनं १/२ + १/३ = २/५ असं लिहिलंय. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. आपण काय करतो, लाल काट मारतो, “छेद समान केलास का? नीट लक्ष दे, सराव वाढव” म्हणतो आणि पुढच्या बाकाकडं जातो. आता ती घरी जाऊन दहा गणितं करेल आणि दहाही अशीच चुकवेल, म्हणजे मेहनत झाली आणि चूक पक्की झाली.

त्याऐवजी असं बोलून बघा.

“पिशवीत अर्धा किलो गूळ आहे. म्हणजे किती ग्रॅम?”
“पाचशे.”
“त्यात वरनं अजून थोडा टाकला. आता पाचशेपेक्षा जास्त का कमी?”
“जास्त, बाई.”
“तुझं उत्तर २/५ किलो आलंय. ते किती ग्रॅम होतात काढ बरं.”

ती हिशेब करते, चारशे येतात, आणि मान वर करून बघते. गूळ टाकला आणि पिशवी हलकी झाली? इथं घाई करून उत्तर सांगायचं नाही, गप्प बसायचं. मग तीच म्हणते की कायतरी चुकलंय बाई. त्यानंतर सहा भागांची पट्टी काढून तीन भाग आणि दोन भाग रंगवायला लावले की ५/६ तिचं तिलाच दिसतं. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात, चाळीस पोरांच्या वर्गात प्रत्येकाला इतका वेळ देणं शक्य नाही हे मला मान्य आहे, पण एकच चूक बऱ्याच जणांची सारखी असते, म्हणून ती फळ्यावर घ्या. नाव न घेता. “हे उत्तर का बरोबर वाटतं आणि कुठं फसतं?” असं विचारा, वर्ग जागा होतो.

पेपर वाटले, विषय संपला

घटक चाचणीचे पेपर तपासायचे, उतरत्या क्रमानं नावं वाचत वाटायचे, खालच्या पाचांना उभं करायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा धडा. पोरानं यातनं काय घ्यायचं? की चूक म्हणजे शेवट, आणि तोही सगळ्यांसमोर.

मार्क कमी म्हणून गोड बोला असं मी म्हणत नाही, मार्क आहेत ते आहेत. पण पेपर परत देताना त्यावर आधी नुसत्या खुणा करून द्या, मार्क दुसऱ्या दिवशी सांगा. मार्क दिसले की पोरं पेपर दुमडून दप्तरात टाकतात आणि शेजाऱ्याला किती पडले ते बघतात, दुसरं काही वाचत नाहीत. एक तास द्या, चुकलेले कुठलेही दोन प्रश्न परत सोडवा आणि आधी काय झालं होतं ते एका ओळीत लिहा. “वाचताना ‘नाही’ शब्द राहिला.” “हातचा विसरलो.” “हे शिकवलं तेव्हा मी नव्हते.” या ओळी वाचा, पुढच्या आठवड्याचं नियोजन त्यातच मिळतं. शेवटची ओळ तर फार महत्त्वाची, तिथं पोराचं काहीच चुकलेलं नाही.

वर्णनात्मक नोंदी कॉपी-पेस्ट करणं

वर्षाच्या शेवटी सगळ्यांचीच घाई असते, प्रत्येक पोराच्या प्रगतीबद्दल लिहायच्या तयार नोंदींची पीडीएफ येते, “गणितात सुधारणा आवश्यक” वीस पोरांच्या पुढं जातं. कामाचा बोजा किती आहे, ऑनलाइन माहिती भरता भरता शिकवायचं राहतं, हे सगळं खरं आहे. तरी सगळी नाही तर पाच पोरांची तरी नोंद खरी लिहा. “तीन अंकी वजाबाकी जमते, पण मधे शून्य आलं की अडतो, उदा. ५०३ − २७८. शतक सुटं करायचा सराव हवा.” हे वाचून पुढच्या वर्गाच्या बाई पहिल्या दिवशी कुठनं सुरू करायचं ते ठरवू शकतात. “सुधारणा आवश्यक” वाचून कुणी काय करायचं?

गट पाडणं आणि शिक्का मारणं

पातळीनुसार थोडा वेळ वेगळं शिकवायला हरकत नाही, गरजच असते. पण गट वर्षभर तोच राहिला, नाव ‘क गट’ पडलं, बसायची जागापण ठरली, की मग भिंतीवर काही लिहा, पोरांना खरं काय ते कळलेलं असतं. गट विषयापुरता ठेवा, दर दोन-तीन आठवड्यांनी मोडा. आणि चांगल्या शिक्षकाचा जादा तास फक्त निवडक पोरांनाच मिळतोय का, हे मुख्याध्यापकांनी एकदा मनावर घेऊन बघावं.

सगळं खापर पोराच्या मनावर

हे मला कळकळीनं सांगायचंय. सीझनला ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेलं पोर मधूनच वर्गात येतं आणि सीझन संपायच्या सुमारास निघून जातं. २०१९ ला आणि परत २०२१ ला महापूर आला, शिरोळ-करवीरकडच्या किती घरांत वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. अशा पोराला “तुझा माइंडसेट बदल” म्हणणं हा अन्याय आहे. त्याचं राहिलेलं आधी भरून द्यायचं, पुस्तक द्यायचं, शेजारी चांगला जोडीदार बसवायचा, मग विश्वासाच्या गोष्टी. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं, आणि त्याच्या आधी १९०१ पासनं कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली, पोरानं शिकावं तर त्याला राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं हे त्यांनी ओळखलं होतं.

स्टाफरूममध्ये एक, वर्गात एक

“त्याच्या घरातच नाही हो, काय होणार त्याचं.” हे स्टाफरूममध्ये बोललेलं वर्गात पोचतंच, कुणाला प्रश्न विचारतो, कुणाला टाळतो, कुणाच्या उत्तराची किती वेळ वाट बघतो यातनं. अमेरिकेत नववीच्या जवळपास १२ हजार मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये छापून आला. तासाभराच्या आतलं ऑनलाइन सेशन, त्यानं मागं पडलेल्या मुलांच्या ग्रेडमध्ये फरक पडला पण तो छोटा, म्हणजे जादूची कांडी कुणी समजू नये. पुढं त्याच माहितीतनं दिसलं की गणितात हा फायदा टिकला तो ज्या वर्गातल्या शिक्षकांनाच मुलं वाढू शकतात असं वाटत होतं तिथं. 

पालकांचंही तसंच. पालक सभेला एखादी आई पोरासमोरच म्हणते, “मलाबी कधी गणित जमलं न्हाई सर, ह्याला कुठनं जमणार.” तिला लेक्चर देऊ नका, ती पोराला सांभाळूनच घेत असते. जूनमधली वही आणि आत्ताची वही शेजारी शेजारी ठेवा. “वहिनी, हे बघा, तेव्हा पाढा चुकत होता, आता भागाकार करतोय.” बास. ती वही पोरगंपण बघत असतं.

अडचण आली तर

पोरगं “मला येतच नाही” म्हणून वही मिटतं: “येतं रे तुला” म्हणू नका, त्याला ते खोटं वाटतं. “कुठवर आलं ते दाखव” म्हणा आणि तिथनं एकच पायरी पुढं न्या.

चुकीवर वर्ग हसतो: त्याच क्षणी थांबवा, दरवेळी थांबवा. आणि फळ्यावर तुमची स्वतःची बेरीज चुकली तर पुसून टाकायच्या आधी ती कशी सापडली ते मोठ्यानं बोलून दाखवा.

दुसऱ्याचं बघून लिहितं: ओरडायच्या आधी सोपं काम देऊन बघा, बऱ्याचदा प्रश्न त्याच्या दोन इयत्ता पुढचा असतो.

महिना झाला तरी फरक नाही: मार्कांत इतक्यात शोधू नका. शंका विचारायला हात वर व्हायला लागले का, खोडलेल्या ओळीखाली परत लिहिलेलं दिसतं का, ते बघा. तेही नसेल तर पोराला दोष न देता पायरी अजून लहान करा आणि शेजारच्या वर्गातल्या सरांना एक तास आपल्या वर्गात मागं बसून बघायला सांगा, कोणाला किती वेळा प्रश्न गेला ते त्यांना मोजू द्या.