जुन्या ख्रिस्ती दफनभूमीची नोंद घेताय? या चुका टाळा

चर्चच्या जुन्या दफनभूमीची सफाई करायची ठरली, की आपल्याकडे आधी कोयता निघतो आणि पाठोपाठ काडेपेटी. कोल्हापूरच्या पावसानंतर तिथे कमरेएवढं गवत माजतं, ते पेटवून दिलं की काम झालं, असा हिशेब. तो महागात पडतो. आगीच्या धगीने संगमरवराचे कण सुटे होतात आणि पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत वरचा थर साखरेसारखा झडायला लागतो. शिशाची अक्षरं बसवलेली असतील, तर तीही सैल होऊन गळतात. गवत कापूनच काढा. कापण्याआधी काठीने आपटून घ्या आणि बूट घाला. घोणस काही सांगून येत नाही.

त्याआधी नोंद. दगड पडलेला असेल तर तो उचलून नीटनेटका उभा करण्याचा मोह आवरा. कुठे, कोणत्या बाजूवर पडलाय याचा फोटो आणि आलेख कागदावर रांगेचा कच्चा नकाशा, एवढं झाल्यावर बाकीचं. कबरीचा नंबर नकाशावर लिहायचा, ऑइलपेंटने दगडावर नाही.

अक्षरं दिसत नाहीत म्हणून खडू, पीठ, पावडर चोळणारे बरेच भेटतात. खडूची भुकटी खाचांत अडकून राहते. दगडाला उजेड समोरून नको, कडेने हवा. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं. दुपारी एकाने दगडावर छत्री धरावी आणि दुसऱ्याने मोठ्या आरशाने कडेने ऊन टाकावं. सपाट वाटणाऱ्या जागी ओळ उमटते. तरी आकड्यांवर लगेच विश्वास नको. झिजलेल्या मराठी लेखात १ आणि ९ फसवतात, इंग्रजीत १ आणि ७. दगडावर वय दिलेलं असेल तर त्यावरून जन्मसाल काढा आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरशी ताडून बघा. उतरवताना ओळी जशा तोडल्यात तशाच ठेवा, शुद्धलेखन सुधारू नका आणि न वाचलेल्या जागी चौकटी कंसात टिंबं द्या. अंदाजाने भरलेलं नाव पुढच्या माणसाला खरं वाटतं.

धुण्याबाबत माझं मत कडक आहे: शंका असेल तर धुऊच नका. फरशी धुवायच्या अ‍ॅसिडने संगमरवर फसफसतो, म्हणजे दगडच विरघळतो. तारेचा ब्रश आणि गाडी धुवायचा पंपही नको. साधं पाणी, मऊ ब्रश, बस. दगडफूल कोरडं खरवडलं तर त्याबरोबर दगडाची सालही निघते. जांभ्याच्या चौथऱ्याला सिमेंट लावणाऱ्या गवंड्याला थांबवा. आतली ओल सिमेंटमधून निघत नाही, मग जांभाच फुटतो. तिथे चुनाच हवा. पिंपळाचं रोप मात्र दिसताक्षणी काढा. ते जाड झालं असेल तर उपटू नका, बुंध्याशी कापा, नाहीतर मुळासकट जोडच उखडतो.

कागदपत्रं एकाच ठिकाणी मिळतील असं धरून चालणं, ही संशोधनातली नेहमीची चूक. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, ते अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेकडून. १८७० मध्ये हे मिशनचं काम प्रेस्बिटेरियन पंथाच्या बोर्डाकडे गेलं. त्यामुळे मिशनची कागदपत्रं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या दफनांच्या नोंदी आहेत, पण त्यांत मुख्यतः युरोपीय माणसं. शिवाय कोल्हापूर १९४९ पर्यंत संस्थान होतं, थेट मुंबई इलाख्याच्या कारभारात नव्हतं. मराठी कुटुंबांसाठी चर्चचं रजिस्टरच गाठायला हवं. त्यात 'पवार' नाही सापडले तर 'पोवार' बघा. जुन्या इंग्रजी कागदांत तर गावाचं नावसुद्धा 'ह' गाळून 'कोलापूर' लिहिलेलं दिसतं.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी चर्चच्या कमिटीची लेखी परवानगी घ्या. अलीकडच्या कबरींचे फोटो नेटवर टाकायचे असतील तर त्या घरच्यांनाही विचारा.