अस्वलाचं सीरम तापवू नका: मेदपेशींवर ऋतूंची अदलाबदल करून पाहण्याची पद्धत

तपकिरी अस्वल शरदात चरबीने तट्ट फुगतं आणि मग पाच-सहा महिने खाणं नाही, पाणी नाही, मलमूत्रही नाही. शीतनिद्रेत ते इन्शुलिनला दाद देत नाही, तरी रक्तातली साखर ताळ्यावर असते. वसंतात उठलं की इन्शुलिन पुन्हा लागू पडतं. हा बदल मेदपेशीच्या आत मुरलेला असतो की रक्तातून येतो, हे तपासायला एका ऋतूतल्या पेशी दुसऱ्या ऋतूतल्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवात) वाढवायच्या. अमेरिकेत पुलमन इथे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या अस्वल केंद्रात हा प्रयोग झाला आहे. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आधी कॅलेंडर ठरवा. नमुने मे, सप्टेंबरअखेर आणि जानेवारी असे तीनदा, आणि तिन्ही वेळा त्याच अस्वलाचे घ्या. वेगवेगळ्या अस्वलांची तुलना केलीत तर वय, लिंग आणि वजनातला फरक ऋतूच्या नावावर खपतो. पिल्लांना दूध पाजणारी मादी वगळा. लेप्टिनसारखी (भूक आवरणारं लेप्टिन चरबीतूनच सुटतं) मेदसंप्रेरकं मोजायची असतील तर ऑक्टोबरच्या मध्यावर जास्तीचा नमुना हवाच. उन्हाळाभर त्यांची पातळी कमी असते आणि शीतनिद्रेच्या तोंडावर शिखर गाठते. मात्र नुसत्या आकड्यावर विसंबू नका. मेंदूत थेट लेप्टिन दिल्यावर ऑक्टोबरमध्ये अस्वलांचं खाणं घटलं, ऑगस्टमध्ये घटलं नाही. म्हणजे संप्रेरक किती आहे यापेक्षा ते ऐकून घेणारा मेंदू जागा आहे का, हे महत्त्वाचं.

रक्त आणि चरबी एकाच बैठकीत उरकण्याचा मोह टाळा. चरबीसाठी भूल लागते. त्या भुलीतली मेडेटोमिडीनच्या जातीची औषधं स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटणं रोखतात आणि साखर चढवतात. अशा रक्तावरून इन्शुलिनबद्दल काय बोलणार? पुलमनची अस्वलं मधाच्या पाण्याच्या मोबदल्यात जागेपणी मागचा पाय पुढे करायला शिकवलेली आहेत. तसं रक्त सर्वांत चांगलं. स्वीडनच्या जंगलातल्या अस्वलांना डार्ट मारूनच गुंगवावं लागतं. तिथे डार्ट लागल्यापासून रक्त काढेपर्यंतची मिनिटं प्रत्येक नमुन्यावर लिहा.

रक्त साध्या नळीत खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं गोठू द्या, १,५०० जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १,५०० पट जोराने) १०-१५ मिनिटं फिरवा, अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्या भरून उणे ८० अंशांवर ठेवा. एक कुपी एकदाच वितळवायची. लालसर झालेलं सीरम बाजूला काढा. ग्लिसेरॉल मोजणार असाल तर नळीचं बूच तपासा, कारण काही कंपन्या बुचाला ग्लिसेरॉलचाच हात देतात. शीतनिद्रेत चरबी विरघळत असते, त्यामुळे ग्लिसेरॉल खरोखरच सर्वाधिक असतं. पण ते अस्वलाचं की बुचाचं, हे नंतर सांगता येत नाही.

चरबी ढुंगणाच्या भागातल्या त्वचेखालून, ६ मिमीच्या बायोप्सी पंचने काढा. ती गार माध्यमात ठेवा, गोठवू नका. कात्रीने बारीक करून कोलॅजिनेजमध्ये (पेशी सुट्या करणारं विकर, १ मिलिग्रॅम प्रति मिलि) ३७ अंशांवर साधारण ४५ मिनिटं हलकेच हलवा. गाठी सुटल्या की थांबा, कारण जास्त वेळ ठेवलं तर पेशी फुटून वर नुसतं तेल तरंगतं. १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून ३००-५०० जी वर फिरवलं की तळाशी पूर्वपेशी (ज्यांच्यापासून मेदपेशी बनतात त्या) बसतात. त्या वाढवून इन्शुलिन, डेक्सामिथॅसोन आणि आयबीएमएक्स या तीन रसायनांनी मेदपेशींत रूपांतरित करा, आणि तेलाचे थेंब ऑइल रेड ओ या रंगाने रंगवून खात्री करा. माध्यमातलं ग्लुकोज ५.५ मिलिमोलर ठेवा. बाटलीवर सर्रास दिसणारं २५ मिलिमोलर स्वतःच इन्शुलिनचा परिणाम बोथट करतं. रूपांतरासाठी घातलेलं इन्शुलिनही चाचणीआधी किमान एक रात्र काढून टाकलेलं असलं पाहिजे.

आता खरी अदलाबदल. शीतनिद्रेतल्या पेशी आणि सक्रिय काळातल्या पेशी, दोन्ही दोन्ही ऋतूंच्या सीरममध्ये ठेवा, म्हणजे चार गट होतात. पेशी वाढवायला एरवी वापरतात ते गाईच्या वासराचं सीरम या टप्प्यावर पूर्ण वगळा. अस्वलाचं सीरम किती टक्के घालायचं ते २, ५ आणि १० टक्क्यांवर आधी चाचपून ठरवा. मग इन्शुलिन ०, १, १० आणि १०० नॅनोमोलर असं १०-१५ मिनिटं द्या आणि फॉस्फेट लागलेल्या एकेटीचं (इन्शुलिनचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनाचं) एकूण एकेटीशी प्रमाण काढा.

सवयीने घात होतो तो इथेच. सीरम आलं की ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं, हे कित्येक प्रयोगशाळांत कोणी विचारही न करता करतं. पुलमनच्या प्रयोगात शीतनिद्रेतल्या पेशी सक्रिय काळाच्या सीरममध्ये इन्शुलिनला पुन्हा प्रतिसाद देऊ लागल्या. तेच सीरम तापवल्यावर परिणाम बराचसा नाहीसा झाला. म्हणजे आपण जे शोधतोय तेच तापवून घालवतो. सीरम कच्चंच वापरा आणि तापवलेला गट मुद्दाम वेगळा ठेवा. शीतनिद्रेतल्या सीरममध्ये मेदाम्लं जास्त असतात, म्हणून सक्रिय सीरममध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधलेली मेदाम्लं तेवढीच मिसळून आणखी एक गट करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

संप्रेरकं मोजायला माणसांसाठीचं एलायझा (प्रतिपिंडांनी संप्रेरक मोजणारी चाचणी) किट आणून लगेच आकडे लिहू नका. सीरम २, ४, ८, १६ पट विरळ करून रेषा किटच्या मानक रेषेला समांतर जाते का पाहा. ओळखीची मात्रा मिसळल्यावर ८० ते १२० टक्के परत मिळायला हवी. समांतर नसेल तर ते किट अस्वलासाठी निरुपयोगी, कितीही महाग असो.

भारतातून करायचं तर हिमालयातलं तपकिरी अस्वल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि परदेशी सीरमची कुपीदेखील साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्याशिवाय येत नाही. मेळघाट-ताडोबातलं आपलं अस्वल शीतनिद्रेतच जात नाही, त्यामुळे त्याच्यावर हा प्रयोग जमत नाही.

चार गट नीट जमले की तिसरं सीरम आणा: शीतनिद्रेतच काही दिवस ग्लुकोज पाजलेल्या अस्वलाचं. ऋतू तोच, गारवा तोच, फक्त पोटात साखर. पुलमनच्या गटाने याच वाटेने जाऊन २०२२ मध्ये इन्शुलिनचा प्रतिसाद बदलत असावीत अशा सीरममधल्या संशयित प्रथिनांची यादी आठवर आणली.