चिऱ्याच्या भिंती आणि मागच्या खोलीतलं वायफाय

महिन्याची वीस तारीख जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातल्या दहा-बारा दुकानदारांची जीएसटीची कामं मी घरी बसून करते आणि ३बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख असते २०. आमचं घर सावईवेरे गावात, कुळागराला (सुपारीच्या बागेला) लागून. माझं टेबल मागच्या खोलीत, कारण तिथेच काय ती शांतता. नेट मात्र पुढच्या वसरीत, म्हणजे ओसरीत. पोर्टल उघडायचं आणि फिरणारं चक्र बघत बसायचं, हे मी दोन वर्षं केलं. केबलवाल्याचं उत्तर ठरलेलं : "मॅडम, प्लॅन वाढवा." वाढवला. ५०चा १५० केला. मागच्या खोलीत आधी ४ एमबीपीएस येत होते, नंतरही ४च आले. पैसे तेवढे जास्त गेले.

म्हणून पहिलं काम पैसे न घालता करा. नेट नेमकं कुठे अडतंय ते शोधा. लॅपटॉप घेऊन राउटरजवळ बसा, लॅनची तार (राउटर आणि लॅपटॉप जोडणारी) थेट लावा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट चालवा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला, सगळा गाव मोबाइल उघडून बसलेला असतो तेव्हा. तारेवर प्लॅनइतका वेग मिळाला तर बाहेरची लाइन ठीक आहे, दुखणं घरात आहे. तारेवरही कमी मिळाला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मग भांडा. भांडताना एक लक्षात असू द्या : प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि डाउनलोड होताना दिसतो तो बहुधा मेगाबाइटचा. आठाने भागायचं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला १२ एमबीने उतरत असेल तर तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. मी यावरून एकदा उगाच आवाज चढवला होता.

दुसरी चाचणी पिंगची, म्हणजे हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते बघायचं. तार काढा, वायफाय चालू करा आणि आपल्या नेहमीच्या जागेवरून आधी राउटरला पिंग करा (बहुतेक घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो), मग ८.८.८.८ला, हा बाहेरचा गूगलचा पत्ता. राउटरकडूनच उत्तर कधी ३ मिलिसेकंदांत, कधी ४००मध्ये येत असेल तर वायफाय आजारी. राउटर पटापट बोलतोय आणि पलीकडचा अडखळतोय, तर लाइन आजारी.

आमचं वायफायच आजारी निघालं, आणि तेही भिंतींमुळे. जुनं चौकी घर, मधे राजांगण, भोवती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) दीड फुटी भिंती. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पीत राहतो, आणि ओल्या भिंतीतून लहरी आणखीच कमी पार होतात. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप टाकून मी घरभर फिरले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत सिग्नलच्या जोराचा आकडा लिहिला. आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके बरे. वसरीत -४२, सालीत (बैठकीच्या खोलीत) -५८, रांदपाच्या खोलीत (स्वयंपाकघरात) -७४, माझ्या टेबलावर -८६. साधारण -६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, -८०च्या पुढे नुसतं नाव दिसतं. सासूबाई मागून विचारत होत्या, "गो, घर मेजता गे?" (घर मोजतेस का गं?)

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंत आली की दमतो. २.४ मंद, पण लांब जातो. त्यामुळे राउटरसमोर बसणाऱ्याने ५ला जोडावं आणि एका भिंतीपलीकडच्याने २.४ला. चिऱ्याच्या तीन भिंती म्हटल्यावर दोन्हींचा नाइलाज. राउटर मीटरच्या पेटीशेजारून, इन्व्हर्टरच्या मागून काढून सालीत उंचावर ठेवला, एवढ्यानेच रांदपाची खोली सुधारली. हे फुकटातलं काम आधी करा. मी रिपीटरही (सिग्नल पुढे ढकलणारा डबा) आणला होता. तो स्वतःच अर्धमेला सिग्नल ऐकतो आणि तोच पुढे सांगतो, शिवाय ऐकणं-सांगणं एकाच पट्टीवर असेल तर वेग निम्मा होतो. परत केला.

जुन्या गोंयकार (गोव्याच्या) घराला खरा उपाय एकच : भिंती तारेने ओलांडायच्या, वायफाय फक्त खोलीपुरतं. कॅट ६ केबल घ्या, आणि घेताना निखळ तांब्याची मागा. स्वस्तातली बरीचशी अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. एकसंध तार १०० मीटरपर्यंत चालते. मला २२ मीटर लागली. सालीतून वर माळ्यावर, वाशांच्या कडेने, मागच्या खोलीत खाली. उंदरांसाठी पूर्ण लांबी पीव्हीसी पाइपातून घ्या. विजेच्या वायरीपासून फूटभर अंतर ठेवा. उघड्यावरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची, बाहेरच्या वापराची घ्या. आतली केबल उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकते.

टोकाचे आरजे ४५, म्हणजे प्लास्टिकच्या टोप्या, मी स्वतः बसवले. टोपी दाबायचा क्रिंपर भावाने आणून दिला. रंगांचा क्रम, टोपीची चाप खाली, पिना वर आणि तार शिरते ती बाजू आपल्याकडे धरून डावीकडून : सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवा, निळा, सफेद-निळा, हिरवा, सफेद-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. तारा सरळ करून एका रेषेत कापा, टोपीत सरकवा आणि दाबण्याआधी समोरून बघा : आठही टोकांचं तांबं चमकताना दिसलं पाहिजे. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेट आलं, पण ९४च्या वर जाईना. अर्धा दिवस राउटरची सेटिंगं उलटीपालटी केली. दोष निघाला टोपीत, तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलीच नव्हती. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून एक मुकी असली की जोडणी गुपचूप १००वर येते. कापून परत बसवली.

मागच्या टोकाला कपाटात पडलेला जुना राउटर लावला. आधी तो एकट्याने लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता बदला (माझा १९२.१६८.१.२), त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखाच ठेवा, मात्र चॅनेल (पट्टीतला कप्पा) वेगळं. मग केबल त्याच्या लॅनच्या भोकात घाला, वॅनच्या (बाहेरचं नेट घ्यायच्या) नाही. सगळे चुकतात ते इथे. आता टेबलावर १४० येतात.

पर्वरीला बहिणीच्या फ्लॅटमध्ये रोग वेगळा. भिंती पातळ, पण शेजाऱ्यांची तीसेक वायफायं. तिथे २.४वर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळं चॅनेल आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवायची, टीव्ही-लॅपटॉप ५वर टाकायचे. तिचा राउटर चपलांच्या कपाटात होता, याबद्दल जास्त बोलत नाही.

आता पाऊस. वीज गेली आणि इन्व्हर्टरने उचललं, तरी त्या क्षणभराच्या झटक्याने राउटर बंद होऊन पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. फायबरच्या डब्याला (बाहेरची काचेची तार येते त्याला) आणि राउटरला मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, लावा. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट असेल तर यूपीएसही १२चाच, अँपिअर जास्त चालतात. एवढं करूनही लांबलेल्या अंधारात नेट जाऊ शकतं, कारण नाक्यावरच्या केबलवाल्याच्या पेटीची बॅटरी उतरते. त्याला तुम्ही काही करू शकत नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा.

आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, अ‍ॅडॉप्टर तर काढाच, लॅनची तारही काढा. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी मी फक्त प्लग काढला होता. माळ्यावरची लांब तार जागेवरच. सकाळी लॅपटॉपचं लॅन मेलेलं. फायबर काचेचं, त्यातून विजेचा झटका येत नाही, पण आपण टाकलेली तांब्याची तार ते काम करते. घरातून गोठ्यापर्यंत किंवा आउटहाउसपर्यंत नेट न्यायचं असेल तर तांबं नको, फायबरच टाकून घ्या. ते खिळ्याला गच्च गुंडाळू देऊ नका मात्र. तीव्र वळणाला प्रकाश गळतो.

चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्या मूळ घरी वीस-बावीस माणसं जमतात. माटोळीचे (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे), आरतीचे व्हिडिओ सगळ्यांचे फोन एकदमच वर चढवायला लागतात, अपलोड तुंबतं आणि डाउनलोड मोकळं असूनही काही उघडत नाही. आता पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क आहे, त्याला २० एमबीपीएसची मर्यादा. कुणी तक्रार केलेली नाही, जेवणाचीच काय ती होते.

शेवटी फायबरच्या डब्यावरचे दिवे घरातल्या प्रत्येकाला ओळखू द्या. एलओएस लाल म्हणजे बाहेरून सिग्नलच येत नाही, बहुधा केबल तुटली, डबा दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ फोन लावायचा. पॉन (लाइन जोडली गेल्याचा दिवा) हिरवा स्थिर आणि तरी नेट नाही, तर एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू. केबलवाल्याचा नंबर आणि आमचा ग्राहक क्रमांक मी मोठ्या अक्षरात लिहून डब्याशेजारी चिकटवलाय. परवा मी फोंड्याला होते तर सासूबाईंनीच त्याला फोन केला : "लाल दिवो पेटला, यो (ये)." तो आला तेव्हा केबलवर सुपारीची झावळ पडलेली होती.