सरासरी नको, अठरावा आकडा घ्या
रोजची गाडी ‘कायमच लेट’ म्हणून कुरकुरण्यापेक्षा 20 दिवस नोंद ठेवा: वेळापत्रकातली पोचायची वेळ आणि प्रत्यक्ष उतरल्याची वेळ. सुटण्याची नको, वाटेत सिग्नलला रखडलेली मिनिटं तिच्यात दिसत नाहीत. सरासरीही फसवी. उशिराचे आकडे चढत्या क्रमाने लावा, अठरावा घ्या. तेवढा उशीर धरून घरून निघालात तर साधारण दहापैकी नऊ दिवस वेळेवर पोचाल.

मध्ये गाडी बदलायची असेल तर हिशेबच वेगळा. 4 मिनिटांच्या उशिराने दुसरी गाडी चुकली आणि त्यापुढची अर्ध्या तासाने असली, तर भुर्दंड 30 मिनिटांचा.

आणि लेट, खच्चून भरलेल्या गाडीत घुसू नका. तिच्यामुळे प्रत्येक फलाटावर गर्दी साचते, चढण्या-उतरण्यात वेळ जातो, ती आणखी रखडते. लगेच मागून येणारी बरेचदा मोकळी असते.